तात्यांच्या गाडीचा पंचनामा

“हिरवी,” रंगराव म्हणाले आणि कागदावर तसं लिहून खाली रेघ ओढली.

“तांबडी,” शालन म्हणाली.

“निळी हुती,” पोपट म्हणाला. “आभाळागत निळी. लिहा.”

रंगरावांनी पेनाला टोपण लावलं. “एका वाहनाचे तीन रंग पंचनाम्यात लिहिता येत नाहीत. तिघांत मिळून एक ठरवा. मी मात्र हिरव्यावर ठाम आहे.”

कोल्हापुरातल्या माझ्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती आम्ही चौघं बसलो होतो. ही तिघं माझ्या बायकोची धाकटी भावंडं. रंगराव तलाठी म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे समोर कागद आला की त्यांची पाठ आपोआप ताठ होते. शालन इस्लामपूरहून येताना डबाभर शेंगदाण्याचे लाडू घेऊन आली होती आणि दर भांडणानंतर एकेक वाटत होती. दुपारचे बारा वाजले नव्हते आणि माझे तीन लाडू झाले होते. पोपट सगळ्यांत धाकटा, विम्याचा एजंट. तो बोलायला लागला की समोरचा माणूस सही करून मोकळा होतो.

माझी बायको इंदू, म्हणजे ह्यांची अक्का, जाऊन चार महिने झाले होते. आणि विषय होता तिच्या वडिलांच्या, म्हणजे तात्यांच्या लॉरीचा. तात्या जाऊन जमाना झाला होता आणि गाडी विकली गेली त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली होती. ती गाडी मला लाकडात करायची होती, वर्षश्राद्धाच्या आत. आणि ती दिसायची कशी हे मला माहीत नव्हतं.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. पण ते टेबल अजून तसंच आहे आणि त्यावर निळ्या रंगाचा एक डाग आहे, म्हणून सगळं आठवतं.

मी सुतार. फाउंड्रीत छत्तीस वर्षं साचे केले. पंपाचं काय, इंजिनाचं काय, जो भाग बिडात ओतायचा तो आधी मी सागवानात करायचो. इंदू मलकापूरची. आमचं लग्न झालं तेव्हापासून ती म्हणायची, “जगाचे साचे करता, एकदा आमच्या तात्यांची गाडी करून द्या.” मी म्हणायचो, करू. पुढं म्हणायला लागलो, निवृत्त झालो की करू. निवृत्त झालो तेव्हा म्हणालो, पावसाळा सरू दे.

ती त्या गाडीबद्दल रोज सांगायची. सकाळी चपात्या लाटताना तिला तात्या आठवायचे आणि तात्या आठवले की गाडी आठवायची. मी पेपर धरून बसलेला असायचो. ती सांगायची, मी “हं” म्हणायचो. अडतीस वर्षं आमचं हे असं चाललं होतं आणि दोघांचीही काही तक्रार नव्हती.

मग दवाखान्यात एक दिवस तिनं मला विचारलं, “तात्यांची गाडी कशी होती, सांगा बघू.”

मी विचार केला. बराच केला.

“मोठी होती,” मी म्हणालो.

ती इतकी हसली की तिला खोकला आला. नर्स धावत आली आणि मलाच ओरडली. इंदू तिला म्हणाली, “अडतीस वर्षं सांगतेय हो मी. ह्यांनी एवढंच ऐकलं.”

त्यानंतर नवव्या दिवशी ती गेली.

म्हणून मी तिघांना बोलावून घेतलं. मला वाटलं होतं, एका बैठकीत काम होईल. माप घ्यायचं, रंग विचारायचा, कामाला लागायचं. गाडीचा फोटो आहे म्हणून रंगराव म्हणाले होते, आणि तो होताही. फोटोत तात्या गाडीसमोर उभे होते. तात्या चांगले रुंद होते. त्यांच्या एका बाजूनं आरसा दिसत होता आणि दुसऱ्या बाजूनं अर्धा मडगार्ड. बाकी सगळी गाडी तात्यांनी झाकली होती.

“फोटो काळा-पांढरा आहे,” रंगराव म्हणाले, “पण नीट बघितलं तर हिरवी वाटते.”

“मापं घेऊ,” मी म्हणालो. “रंगाचं नंतर. चाक केवढं होतं?”

“माझ्या डोक्याच्या वर,” पोपट म्हणाला. “चाकाला टेकून उभा राहिलो तर मी दिसत नव्हतो.”

“तू सहा वर्षांचा होतास,” शालन म्हणाली. “आणि अंगानं काडी. तू कशालाही टेकून उभा राहिलास तरी दिसायचा नाहीस.”

मी तिघांना ओळीनं दाराच्या चौकटीशी उभं केलं. गाडी विकली त्या वर्षी तुमची उंची कुठवर होती ते हातानं दाखवा म्हणालो. पन्नाशी-साठीची माणसं, पण दाखवताना तिघंही टाचा वर करत होती. पोपटनं आपल्या छातीवर हात ठेवला. रंगरावांनी तो धरून वीतभर खाली आणला. त्यावरून मी हिशेब केला. बीड थंड होताना आकसतं, म्हणून आम्ही साचा मीटरमागं दहा मिलिमीटर मोठा करतो. इथं उलटं करायचं होतं. रंगरावांच्या मापातून शंभरात दहा कमी केले, शालनच्या मापातून वीस. पोपटच्या मापातून चाळीस कमी करूनही त्याचं चाक रोडरोलरचंच येत होतं.

रंगराव खाली मान घालून लिहीत होते. “वाहनाच्या चतुःसीमा,” ते म्हणाले. “पूर्वेस बॉनेट. लांब नाकाची गाडी होती, यावर एकमत आहे ना? दक्षिणेस ड्रायव्हरचा दरवाजा. उत्तरेस क्लीनरचा दरवाजा. पश्चिमेस मागचा फाळका.”

“गाडी वळली तर?” पोपटनं विचारलं.

रंगरावांनी त्याच्याकडं फक्त बघितलं.

संध्याकाळी तिघं आपापल्या घरी गेली आणि मी एकटा जेवायला बसलो, तर साडेपाच वाजले होते. सकाळचं जेवण राहूनच गेलं होतं. ते नवीन नव्हतं. इंदू असताना जेवण झालं की ती ओट्यावर हातानं दोन थापा द्यायची. धप् धप्. म्हणजे या. मी मागच्या पडवीत रंधा मारत असलो तरी त्या ऐकू यायच्या. आणि पाहुण्यांसमोर मी फार बोलायला लागलो की टेबलावर एकच थाप. म्हणजे बास. मला वाटायचं, मलकापूरकडं अशी पद्धत असेल. आता थापा नव्हत्या, म्हणून जेवायची वेळ कळायची नाही, आणि बोलायला लागलो तर थांबायचं कुठं तेही कळायचं नाही.

रंगाचं भांडण पंधरा दिवस फोनवर चाललं. शालननं माझ्याशी रंगरावांची तक्रार केली, रंगरावांनी पोपटची. पोपटनं मला गाडीचाच विमा काढायला सांगितलं. दुसऱ्या बैठकीला तिघं एकमेकांशी जेमतेम बोलत होती.

“मला नका सांगू,” शालन म्हणाली. “दर खंडेनवमीला मी ह्या हातांनी धुतलीय ती गाडी. तांबडीच होती.”

“तू फक्त बॉनेट धुतलंस,” रंगराव म्हणाले. “केबिन माझी होती.”

“चाकं आणि दारं माझी,” पोपट म्हणाला. “आणि एकदा रंगादादानं माझ्या दाराला फडकं लावलं तर तात्यांनी त्याच्याच कानाखाली लावली हुती.”

“अरे, थांबा जरा,” मी म्हणालो. “कोण काय धुवायचं?”

मग कळलं. तात्यांचा नियम होता. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गाडी विहिरीवर न्यायची आणि प्रत्येक पोरानं आपापला भाग धुवायचा. ज्याचा भाग त्याचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, तो किती स्वच्छ झालाय तेही दुसऱ्यानं बघायचं नाही, कारण बघितलं की भांडणं होतात. तात्या मात्र सगळ्यांचं बघायचे आणि ज्याचा भाग चकचकीत त्याला दुसऱ्या दिवशी पूजेला नारळ फोडायला द्यायचे.

“केबिन आतून धुवायचा की बाहेरून?” मी रंगरावांना विचारलं.

“आतून. बाहेरून दारं ह्याची होती ना.”

“म्हणजे आतून हिरवी.”

“आतून हिरवीच,” रंगराव म्हणाले. मग थांबले.

“आणि दारं निळी, बॉनेट तांबडं.”

शालननं हात लाडवाच्या डब्याकडं नेला आणि मागं घेतला.

“तात्या रंग विकत घेत नव्हते,” शेवटी तीच म्हणाली. “मलकापुरात नाना पेंटर होता. त्याच्याकडं डब्यात तळाशी उरेल तो रंग आणायचे.”

“आम्ही त्या गाडीला काय म्हणायचो माहिताय?” पोपट हसायला लागला. “नवरदेव. पोरं ओरडायची, आला रे नवरदेव. मी विसरलोच हुतो की.”

रंगरावांनी सावकाश पेनाचं टोपण काढलं आणि हिरवी या शब्दापुढं लिहिलं, ‘आतील बाजूने’. खाडाखोड केली नाही.

त्या दिवसापासून काम सोपं झालं. प्रत्येकाला ज्याचा त्याचा भाग विचारायचा. रंगरावांना केबिनमधली प्रत्येक वस्तू ठाऊक होती. गिअरच्या दांड्याला काचेचा गोळा, त्यात गुलाबाचं फूल. सीटला मागून गोणपाटाचं ठिगळ. शालनला बॉनेटच्या जाळीच्या पट्ट्या पाठ होत्या, तेरा, त्यांतली चौथी वाकलेली, म्हैस धडकली होती. पोपटला चाकाचे नट किती ते माहीत होतं. चुकून दुसऱ्याच्या भागाचं काही विचारलं तर मात्र तिघंही खांदे उडवायची.

मी पडवीत रोज सहा-सात तास बसायचो. सगळी गाडी हातभर लांबीची. केबिन झाली, बॉनेट झालं, चाकं लेथवर कातून आणली. मग मागचा, माल भरायचा हौदा केला आणि चेसिसवर बसवायला गेलो तर बसेना. तीन मिलिमीटर जास्त. फळ्या परत मोजल्या, बरोबर. चेसिस मोजली, बरोबर. दोन दिवस मी डोकं धरून बसलो. तिसऱ्या दिवशी हातातल्या पट्टीकडं नीट बघितलं. साचेवाल्यांची पट्टी वेगळी असते. बीड आकसणार म्हणून तिच्यावरचा मिलिमीटरच जरा मोठा असतो. छत्तीस वर्षांच्या सवयीनं हात त्याच पट्टीकडं गेला होता. चेसिस साध्या पट्टीनं, हौदा साच्याच्या पट्टीनं. म्हणजे आता लाकूड आकसायची वाट बघत बसायचं.

शालनला फोन केला तर ती म्हणाली, “राहू दे तसाच, दाजी. तात्यांचाही हौदा मागं बाहेर यायचा. जास्त माल बसावा म्हणून वाढवून घेतला होता.”

“हे तुला कसं माहीत? हौदा तुझा नव्हता.”

“त्यावरनं आई आणि तात्यांचं भांडण झालं होतं. भांडणं सगळ्यांची असतात.”

चौथ्या बैठकीला वर्षश्राद्ध महिन्यावर आलं होतं. गाडी टेबलावर ठेवली होती. नाक तांबडं, दारं निळी, आत हिरवी. तिघंही तिच्याभोवती फिरून आली. पोपटनं चाकाला टेकवून आपली करंगळी उभी धरली आणि एक डोळा मिटून बघितलं. रंगरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, “टप थोडं जास्त उंच झालंय.” म्हणजे त्यांना गाडी आवडली होती.

फक्त मागची बाजू कोरी होती. फाळका म्हणजे लॉरीची मागची झडप, माल चढवा-उतरवायला खाली पाडतात ती. तिथं मी नुसती एक सपाट फळी लावली होती.

“पश्चिमेस फाळका,” रंगरावांनी कागद काढला. “तपशील?”



“फळ्या किती?” मी विचारलं.

“असतील चार,” पोपट म्हणाला.

“सहा असतील,” रंगराव म्हणाले. “‘सावकाश’ असं लिहिलेलं होतं, एवढं नक्की.”

शालन म्हणाली, “फाळका अक्काचा होता. आमच्यातल्या कुणाला तिकडं फिरकू द्यायची नाही. धुवायलाही तीच आणि गाडी मागं घ्यायलाही तीच.”

“गाडी मागं घ्यायला म्हणजे?”

“आमच्या दारात गाडी उलटीच लावायला लागायची, बोळ अरुंद. तात्या आरशात बघायचेच नाहीत. अक्का मागं उभी राहायची. फाळक्यावर दोन थापा दिल्या की या. एक थाप दिली की बास. वीतभर अंतर राहिलं तरी तात्या मागं वळून बघत नव्हते. इंदी आहे मागं, म्हणायचे.”

मी हातातला लाडू खाली ठेवला.

“आता फाळक्याचं सांगणार कोण?” रंगराव म्हणाले. “ती बाजू कोरीच ठेवावी लागणार. तसं नमूद करतो. माहितगार हयात नाही.”

“पाच फळ्या,” मी म्हणालो.

तिघांनी माझ्याकडं बघितलं.

“वरून तिसरी फणसाची. म्हणून ती पिवळी, बाकीच्या काळपट. डावीकडची साखळी दोन कड्यांनी आखूड, त्यामुळं फाळका पाडला की तिरका लोंबायचा. उजव्या कोपऱ्यात एक खिळा वर आलेला. त्यात तिचा परकर अडकून फाटला आणि आईनं तिला मारलं. तात्यांनी हातोडी घेऊन खिळा ठोकला. दुसऱ्या वर्षी तो परत वर आला.”

“दाजी,” शालन म्हणाली.

“‘सावकाश’ हे अक्षर तिचं. सातवीत होती. तात्यांनी रंगाचा डबा दिला आणि म्हणाले, सावकाश असं लिही. तिनं लिहिलं. खाली जागा उरली आणि रंगही उरला. म्हणून सगळ्यांत खालच्या फळीवर बारीक अक्षरांत आणखी एक ओळ लिहिली. मागे इंदू आहे.”

“असं काही नव्हतं,” रंगराव म्हणाले. “मी वाचलं असतं.”

“खालची फळी कायम चिखलात. खंडेनवमीला धुतली की दिसायची आणि धुवायची तीच. त्या वर्षी दसरा झाला आणि तात्या मिरचीची पोती घेऊन रत्नागिरीला निघाले. साखरप्याला चहाला थांबले. हॉटेलवाल्यानं फाळका वाचून विचारलं, इंदू कोण? मागं कशाला बसवलीय? तात्यांना वाटलं पोरगी हौद्यात चढून आली. त्यांनी आणि क्लीनरनं एकूण एक पोतं खाली उतरवलं. अख्खं साखरपा गाव शिंकत होतं आणि तात्या पोत्यांतनं हाका मारत होते, इंदे, ए इंदे.”

पोपटचा हसताना श्वास अडकला. शालननं पदर तोंडाला लावला होता, आणि ती हसत होती की काय ते मी नीट बघितलं नाही.

“मग?”

“मग तात्यांनी ओळ वाचली. सगळी पोती परत चढवली. घरी आले आणि हिला विहिरीवर नेऊन म्हणाले, कुणाला बोलू नकोस. ओळ पुसायला रंग आणला होता, पण पुसली नाही.”

“अक्कानं आम्हाला हे कधीच सांगितलं नाही,” रंगराव म्हणाले.

“तात्यांनी शपथ घातली होती.”

“मग तुम्हाला कधी सांगितलं?”

मला तारीख सांगता येईना. “चपात्या लाटताना,” मी म्हणालो.

रंगरावांनी एकेक गोष्ट लिहून घेतली. पाच फळ्या, फणस, साखळी, खिळा, दोन्ही ओळी. मग कागद माझ्यापुढं सरकवला आणि एका जागी बोट ठेवलं. ‘फाळका. माहिती देणार,’ असं लिहून पुढं जागा सोडली होती.

“इथं सही करा, दाजी. तुमचा भाग तुमचा.”

मी सही केली. फार चांगली आली नाही.

फाळक्याला तीन आठवडे लागले. फणसाचं लाकूड आणलं, साखळीची कडी तांब्याच्या तारेची केली, खिळा टाचणीचा. अक्षरं लिहायला मात्र हात धजेना. इंदूच्या वाणसामानाच्या याद्या डब्यांत पडल्या होत्या, त्या काढून तिची अक्षरं समोर ठेवली आणि तशी गिरवली.

वर्षश्राद्धाच्या दिवशी बाहेरच्या खोलीत टेबल ठेवलं, त्यावर भिंतीला टेकवून इंदूचा फोटो, पुढं गाडी. माणसं यायला अजून अवकाश होता.

“गाडीचं तोंड माणसांकडं पाहिजे,” पोपट म्हणाला.

“तोंड अक्काकडं पाहिजे,” रंगराव म्हणाले. “कार्यक्रम तिचा आहे.”

“अक्काकडं फाळका पाहिजे,” शालन म्हणाली. “तोंड तिचं कधी होतं?”

पोपट टेबलापुढं गुडघ्यावर बसला. त्यानं गाडी फिरवली, बॉनेट आपल्याकडं घेतलं आणि दोन्ही हातांनी ती मागं लोटायला लागला. चाकं बरोबर फिरत होती. मागं फोटो होता, काचेचा, आणि पोपटला गाडीपलीकडचं काही दिसत नव्हतं. तो थांबला.

मी टेबलाच्या कडेला उभा होतो. हातानं दोन थापा दिल्या.

गाडी मागं आली. पुन्हा दोन दिल्या. आणखी आली. फोटोच्या चौकटीपासून चार बोटं राहिली तेव्हा मी एक थाप दिली.

पोपटनं वाकून बघितलं नाही. थांबला.